गोविंदरावांचं ऊन

अठ्ठावीस वर्षं मस्कतच्या इस्पितळात काढून निवेदिता झाशीला परतली ती कार्तिकात. सीपरी बाजारातलं घर तेच होतं. फक्त धाकटा भाऊ पराग आता घरचा कर्ता झाला होता आणि आईवडील फोटोत जाऊन बसले होते. वडील रेल्वेत होते. जळगावहून बदलीवर आले ते इथलेच झाले. निवेदिता नर्स म्हणून गेली तेव्हा ‘दोन-चार वर्षांत येतेच’ म्हणाली होती. दोन-चारची अठ्ठावीस कधी झाली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पहिले काही आठवडे तिचं मन धड इथेही नव्हतं आणि तिथेही. पहाटे जाग आली तरी ती डोळे मिटून पडून राही. खालच्या रिक्षांची घरघर अर्धवट झोपेत समुद्रासारखी वाटे. एक लाट यायची, ओसरायची. मग कुणीतरी ओरडे, “भैया, गाड़ी हटाओ,” आणि समुद्र नाहीसा होई. दुपारी गच्चीवरून दूरची खडकाळ टेकडी थरथरताना दिसे, आणि तिच्यापलीकडे पाणी असणारच असं वाटून जाई. एकदा रिक्षातून उतरताना ती सवयीने आभाराचं अरबी ‘शुक्रन’ म्हणाली. रिक्षावाला म्हणाला, “जी?” ती नुसतीच हसली.

घरात सगळे मायेने वागत, पण बोलणं हिंदीत चाले. परागची मुलगी चारुता तिला आत्या न म्हणता ‘बुआ’ म्हणे. तिला मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिकडे गरमी किती, सोनं खरंच स्वस्त का, असं सगळ्यांनी विचारलं. कशी राहिलीस, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सुरुवात कुठून करावी, तिला ठाऊक नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी शेजारच्या इमारतीतली आभा दारात आली. तिचे सासरे गोविंदराव रेल्वेचे निवृत्त गार्ड, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. आठवड्याभराने काही शब्द परत आले, पण सगळे मराठी. सुनेशी ते जन्मभर हिंदीत बोलले होते. ती हिंदी कुठे गेली कुणास ठाऊक. अजयला, त्यांच्या मुलाला, थोडंफार मराठी कळे, पण तो अंधार असतानाच नोकरीसाठी मोठ या गावी निघे आणि दिवस मावळल्यावर परते.

“दीदी, आप तो नर्स रही हैं,” आभा म्हणाली. “ज़रा चलकर देख लीजिए. बहुत बेचैन हैं.”

गोविंदराव पलंगावर होते. अंगात दोन स्वेटर, वर शाल, पायांत लोकरी मोजे, कपाळावर घाम. “ऊन,” ते म्हणत होते. “ऊन.”

“रोज़ दिन भर यही,” आभा म्हणाली. “ऊन, ऊन. अब और कितना पहनाऊँ?”

निवेदिता त्यांच्याजवळ वाकली. “काका, उन्हात बसायचंय का?”

त्यांनी मान वळवली. डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. “हो,” ते म्हणाले. “हो गं.”

“इन्हें ऊन के स्वेटर नहीं चाहिए, आभा. मराठी में ऊन माने धूप.”

आभा पलंगाच्या कडेला बसली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, “दो हफ़्ते से मैं इन्हें ढकती जा रही थी.”

दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट बाहेर गच्चीवर आणलं आणि एकेक कपडा उतरवला. गोविंदरावांनी डोळे मिटले.

त्यानंतर निवेदिता रोज दहाच्या सुमाराला जाऊ लागली. त्या कोवळ्या उन्हात वेळ पुढे सरकत नसे, नुसता तरंगत राही. गोविंदराव मध्येच एखाद्या स्टेशनाचं नाव घेत, मध्येच लहानपणीच्या भुसावळात जात. कधी तिला आपली वहिनी समजून विचारत, “भाकरी झाली का?” ती म्हणे, “होतेय.” चारुताही सोबत येऊ लागली. आभाला हवे ते शब्द ती एका कागदावर लिहून देई: मोरी म्हणजे नहाने की जगह, मोर नव्हे. लिहिता लिहिता तीही अडखळत मराठी बोलू लागली.

एके दिवशी गोविंदरावांनी अचानक विचारलं, “तू कुठं होतीस इतके दिवस?”

“मस्कतला, काका.”

“तिथं तुझं कोण?”

“कुणी नाही. बाळं होती.”

मग ती सांगत गेली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली मुठीएवढी बाळं. त्यांना अजून कुठलीच भाषा येत नव्हती, म्हणून ती त्यांच्याशी मराठीत बोले. एक मुलगी सत्तर दिवस तिच्या देखभालीत होती. आई तिला घरी घेऊन गेली, तेव्हा गाडी दिसेनाशी झाल्यावरही निवेदिता फाटकाशी उभी होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गोविंदराव ऐकत होते की झोपले होते, कळलं नाही. तिला मात्र फार दिवसांनी हलकं वाटलं.

फाल्गुनात मस्कतहून जुन्या मैत्रिणीचा फोन आला. माणसं कमी आहेत, दोन वर्षांसाठी येशील का? पराग काळजीत पडला. “ताई, जाणार तू?”

“नाही,” ती म्हणाली. “दोन महिन्यांपूर्वी बोलावलं असतं, तर गेले असते.”

चैत्रात गोविंदरावांची हिंदी हळूहळू परतली. एका सकाळी निवेदिता गेली तेव्हा ते आभाशी चांगलं बोलत बसले होते. तिला पाहून त्यांनी सुनेला विचारलं, “ये कौन हैं?”

आभा ओशाळली. त्या थंडीतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. निवेदिताला वाटलं, वाईट वाटेल. पण वाटलं नाही. तिने खुर्ची ओढली.

“मी निवेदिता. परागची बहीण.”

“असं होय,” ते अदबीने म्हणाले. “बसा ना. कधी आलात?”

“कार्तिकात.”

“मग पहिल्यांदाच येताय घरी,” गोविंदराव म्हणाले, आणि त्यांनी आत चहाला सांगितलं.