दोन गोऱ्या पोरांचा चहाचा नवस

देव आहे की नाही या विचाराने मी कधी झोप घालवली नाही. माझी शंका वेगळी होती. असलाच, तर माझ्यासारख्याकडे तो पाहील कशाला? माझी बायको कमल तेव्हा माहेरी एकोडीला निघून गेली होती. मोहाच्या दारूपायी माझी लाकूड डेपोतली कारकुनी सुटली होती आणि घरात चूल पेटत नव्हती. जाताना ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "दारू सोडान त्या दिवशी बोलवा. पण खोटं सांगून बोलवलं, तं मंग तोंड पाहाची नाही मी तुमचं." कमल शब्दाची पक्की होती, हे आमच्या सगळ्या करडी गावाला ठाऊक होतं.

पुढे जे झालं त्याची गोष्ट आमच्या गावात आजही सांगतात, पण सांगतात ती खोटी आहे. दोन गोऱ्या साधूंनी चहा सोडून नवस केला आणि माझी बायको परत आली, असं लोक मानतात. त्यामुळे कुणाची सून रुसून माहेरी गेली की घरातलं म्हातारं माणूस चहा सोडून बसतं. परवा आमचे शेजारी असेच चक्कर येऊन ओट्यावरून पडले. त्यांचं ते टेंगूळ पाहिल्यापासून मला चैन नाही. कमल आता राहिली नाही. खरं ठाऊक असलेला गावात मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

ऐंशी-एक्क्याऐंशीचं साल असेल. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची दोन अमेरिकन पोरं धर्मप्रचारासाठी आमच्याकडे आली. वय जेमतेम वीस, आणि पदवी मात्र 'वडीलधारे' या अर्थाची. गावाने त्यांना लंबू आणि गिड्डू अशी सुटसुटीत नावं दिली. मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून मी त्यांचा दुभाषा झालो आणि ती माझ्याच घरी राहू लागली. पहाटे उठून बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, पांढरे सदरे धुवायचे, तांब्यात निखारे भरून त्यांना इस्त्री करायची, गळ्यात टाय बांधायचा आणि सायकलवर निघायचं. शेतातल्या अरुंद धुऱ्यावरून सायकल चालवताना दोघांतला एक तरी रोज धानाच्या चिखलभरल्या बांधीत पडायचा. मग हसत हसत परत बोडीवर. इतक्या लहानशा गोष्टींनी इतका आनंद होणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. महिन्यातून एक रविवार ती उपास करायची. त्या दिवशी बायका विचारायच्या, "साबुदाणा बी नाही? मंग हा कायचा उपास?" धर्माच्या गोष्टी कुणी फारशा ऐकल्या नाहीत, पण धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत दोघं टायसकट चिखलात उतरले, तेव्हा बांधाबांधावर माणसं पाहायला उभी राहिली. लंबू मराठी शिकला तो रोवणाऱ्या बायांकडूनच, त्यामुळे बोलायचाही बायांसारखाच.

पंचाईत चहाची होती. त्यांच्या धर्मात चहा वर्ज्य, आणि आमच्याकडे दारी आलेल्याने चहा नाकारला तर घर बाटलेलं समजला, असा अर्थ. काही दिवस मीच तिघांचा चहा प्यायलो. पण सरपंचाच्या घरी गेलो, तर त्याची आई, सखूआजी, समोर ठाण मांडून बसली.

"काहून नाही पेत? आमच्या घरचा चाय चालत नाही का?"

मी घाबरून म्हणालो, "तसं नाही, आजी. नवस आहे त्यायचा."

"कायचा नवस?"

माझ्या मनात रात्रंदिवस एकच गोष्ट होती, तीच तोंडून निघाली. "माही बायको वापस येईपर्यंत चाय बंद."

सखूआजीने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्याच दिवशी तिने एकोडीची एसटी पकडली. तिथे कमलला म्हणाली, "सात समुद्रापारची लेकरं तुह्यापायी बिनचायची सुकून राहिली, अन् तू इथं पापड लाटतेस?"

आणि कमल आली. सखूआजी तिला दाराशी सोडून घरी गेली. माझ्याकडे न पाहता कमलने चूल पेटवली, आलं ठेचून चहा केला आणि दोन कप पोरांपुढे ठेवले. "घ्या बापा. आली मी. फिटला तुमचा नवस."

मी इंग्रजीत कुजबुजलो, "औषधी काढा आहे, पिऊन टाका." लंबूने कप नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मला मध्ये न घेता थेट तिच्याशी बोलला. "बाई, आमी चाय कधीच नाही पेत. धरमात नाही. हा नवस आमाले मालूम नाही."

कमलने माझ्याकडे पाहिलं. जंगलात एकदा अस्वल समोर आलं होतं, ते सोपं होतं.

"पण तुह्या नावानं रोज मांगून राहिली मी," लंबू पुढे म्हणाला. "तू याव म्हणून. अन् यानं सोडाव म्हणून."

ते खरं होतं. रोज संध्याकाळी गुडघे टेकून तो प्रार्थना करायचा, त्यात कमलचं नाव यायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून न ऐकल्यासारखं करायचो.

कमलने एक कप उचलून स्वतः प्यायला, मग दुसराही. तिला विचार करायला वेळ हवा होता. "या परक्या पोरायनं देवाले मांगतलं," ती म्हणाली. "तुमी काय मांगतलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. कित्येक दिवसांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून धानाच्या कोठीमागे लपवलेला दारूचा डबा आणून तिच्या हातात दिला. तिने तो मोरीत ओतला. आमच्या कोंबड्यांनी त्यावर ताव मारला. कोंबड्याने भर दुपारी चार वेळा पहाट केली आणि गिड्डूच्या बुटावर डोकं ठेवून झोपला. कमल हसली, आणि हसल्यावर तिने पिशवी आत नेली.

दारू त्याच दिवशी कायमची सुटली नाही. घसरलो, तिने उठवलं, पुन्हा घसरलो, शेवटी सुटली. देव खोट्या नवसाला पावला असं कुणी समजू नये. माझ्या खोट्यावर तो रागावून बसला नाही, एवढंच मी म्हणेन. माझी लबाडी संपली, पुढे बोलायला शब्द उरला नाही, तेव्हा कुठे त्याला मला काही देता आलं. म्हाताऱ्यांनो, चहा प्या.

कमल आली त्या संध्याकाळी जेवणाआधी लंबू नेहमीसारखा गुडघ्यांवर बसला. या खेपेला मी तोंड फिरवलं नाही, त्याच्या शेजारी बसलो. प्रार्थनेत तो आधी आभार मानायचा आणि मग मागायचा. कमलचं नाव रोज मागण्यात यायचं. त्या दिवशी ते आभारात आलं.