रेडिएटरमधली अंडी

केकवालीच्या नवऱ्याला गल्लीत सगळे सर म्हणत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात कुणी "मी कुठंतरी वाचलंय" म्हणालं, की "कुठंतरी म्हणजे कुठं?" असं विचारून त्याची बोलती बंद करायचे. हा शाळेतला माणूस. घरी मात्र बूट काढता काढता मोबाईल उघडायचा, आणि 'गाडीबाबा' नावाचा कुणी टोपीवाला व्हिडिओत जे सांगेल ते वेदवाक्य.

गाडी केकवालीची होती. तिनं मागची सीट काढून खोक्यांसाठी सपाट फळी बसवून घेतली होती. त्या गाडीवर तिचा धंदा चालायचा आणि सरांचं डोकं चालायचं. दुसऱ्यानं पहिल्याचं वाटोळं करायला फार दिवस लागले नाहीत.

आधी दिव्यांना टूथपेस्ट झाली. दिवे आठवडाभर चकाकले, मग मोतीबिंदू झाल्यासारखे पांढरे पडले. मग पुढच्या काचेला कसलंसं तेल चोळलं. वायपर फिरला, की समोरचं जग धुक्यात.

"अहो, गाडीला सोसायची सवय नसते माझ्यासारखी," ती म्हणाली.

"अगं, लाखो लोकांनी बघितलंय ते."

"बघायला काय जातंय? अपघात झाला तरी लोक जमतातच की बघायला!"

सरांनी हसण्यावारी नेलं. वर्गातला प्रश्न घरात कुणी विचारला, की ते हसण्यावारीच न्यायचे.

त्या रविवारी एका आजींच्या वाढदिवसाचा तीन मजली केक शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचा होता. सकाळी केकवालीला ओट्यावर एक वाडगं दिसलं, वर ताटली झाकलेली. आत नुसते पिवळे बलक. पांढरं कुठं गेलं, असा विचार तिच्या मनात आला खरा, पण क्रीम फेसायची घाई होती. सर मात्र फार खुशीत होते. न सांगता खोकी गाडीत ठेवायला आले आणि बरोबर यायलाही निघाले. नवरा न बोलवता मदतीला आला, तेव्हाच आपल्याला संशय यायला हवा होता, असं ती नंतर म्हणायची.

पुलाच्या चढाला गाडी तापली. काटा तांबड्यात गेला तशी तिनं गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, आणि वाफेबरोबर वास आला. पेट्रोलचा नाही, रबराचा नाही. उकडलेल्या अंड्यांचा.

ती सावकाश नवऱ्याकडे वळली. एरवी ती त्यांना 'अहो' म्हणायची.

"सर," ती म्हणाली, "पांढरं कुठंय?"

"रेडिएटर थोडा गळत होता," सर म्हणाले. "अंड्याचा पांढरा भाग आत ओतला, की तो शिजतो आणि भोक आपोआप बुजतं. तत्त्व अगदी सोपं आहे."

"बुजलं का?"

सर खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि हाताला रुमाल गुंडाळून थेट रेडिएटरच्या झाकणाकडे गेले. तिनं धावत जाऊन मनगटावर असा फटका मारला, की सर चार पावलं मागं गेले.

"तोंड भाजून घेताय? हेही बाबानंच सांगितलंय?"

सांगितलं होतंच.

शेवटी एका भाजीच्या टेम्पोवाल्यानं दया केली. टोमॅटोंच्या क्रेटांमध्ये बसून दोघांनी केक मांडीवर धरला. खड्डा आला की सर स्वतः आपटून घेत आणि खोका उचलून धरत. केकची एक बाजू चेपली. तिनं तिथं क्रीमची फुलं काढली. आजींना तीच बाजू आवडली.

गाडी ओढून गॅरेजात नेली. मिस्त्रीनं रेडिएटरच्या नळ्यांतून पांढरी बुळबुळीत चिंधी ओढून काढली. "माझा बापही हे करायचा," तो म्हणाला. "जुना ट्रक, आडरान, गाव गाठण्यापुरतं. मीही एका गाडीत केलं होतं. गिऱ्हाईक परत आलं नाही." रेडिएटर नवा बसवावा लागला.

घरी आल्यावर सरांनी गाडीबाबाला त्याच्या व्हिडिओखाली सविस्तर, परिच्छेद पाडून, जे घडलं ते कळवलं. चक्क उत्तर आलं: "अंडी ताजी होती का?"

केकवाली इतकी हसली, की तिला ओट्याला धरावं लागलं. सर हसले नाहीत. असं कुणी करू नका, असं त्यांनी त्याखाली लिहिलं, तर लोकांनी नुसते 'लाइक'चे अंगठे दिले. एकानं लिहिलं, "छान माहिती, सर. उद्याच करून बघतो."

"बघा," ती म्हणाली. "तुमचे विद्यार्थी वाढले."

"याला थांबवायला हवं गं."

"थांबवा. नाहीतर तुमच्यासारखंच त्याचंही घर अंड्यांना मुकेल."

सर त्या अनोळखी माणसाला लिहू लागले: नळ्या कशा बुजतात, वाफ कशी भाजते. तो वाद घालत राहिला. लाखो लोकांनी बघितलंय, असंही म्हणाला. सरांच्या कपाळावरची शीर उडू लागली. केकवालीनं उरलेल्या बलकांचा केक ओव्हनमध्ये सरकवला, गाडीची किल्ली आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. इतकी करमणूक तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती.