हँडलवरची टोपी

आपल्याला झोप येणार नाही, हे शिवलीलाला पक्कं ठाऊक आहे. दुपारचा दीड वाजलाय. दोन घास कसेबसे पोटात गेलेत आणि तीन वाजता कोल्ड स्टोअरेजवर इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत, अपघाताची चौकशी करायला. अशा वेळी कुणाच्या डोळ्याला डोळा लागतो? पण आई म्हणाली, "पड जरा, तोंड बघ कसं झालंय," म्हणून ती मधल्या खोलीत, कामावरची पिशवी उशाला घेऊन, फरशीवरच आडवी झालीय. वर पंखा फिरतोय. त्याचं बेअरिंग गेलंय हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं. आठ महिन्यांपूर्वी कळत नव्हतं. कळायला शिकवलं ते दस्तगीर मिस्त्रींनी, आणि मिस्त्रींना माती देऊन आज पाच दिवस झाले.

पंख्याचा आवाज लांब जातो, परत येतो, परत लांब जातो. आई मोरीत भांडी घासतेय तेही ऐकू येतंय. मग भांडी थांबतात आणि पंख्याचा आवाज एकदम मोठा होतो, अंगावर वारा येतो, आणि पाठीखालची फरशी चटका बसण्याइतकी तापते. ही तर कोल्ड स्टोअरेजची गच्ची.

"काय गं शिवले, पाना आणायला गेलीस ती तिकडंच ऱ्हायलीस व्हय?"

मिस्त्री मोठ्या पंख्याच्या मोटारीपुढे उकिडवे बसलेत. अंगात तोच खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. मोटारीचं झाकण उघडं आहे आणि त्यांची दोन्ही हातांची बोटं आतल्या वायरींत आहेत. ते मागं वळून बघत नाहीत. काम चालू असताना ते कधीच वळून बघायचे नाहीत.

खरं म्हणजे आत्ता तिनं ओरडायला हवं. मिस्त्री, उठा, हात काढा. तेवढंच म्हणायचं आहे. पण आठ महिने शिकाऊ म्हणून राहिलेल्या पोरीच्या तोंडाला दुसरंच वळण पडलंय.

"आणते मिस्त्री," ती म्हणते.

"चौदा नंबर. मागल्यागत बारा नंबर आणू नगंस."

आणि ती खाली निघते. स्वप्नातसुद्धा निघतेच.

जिना उतरता उतरता नेमकं काय झालं होतं ते सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः ते अजून कुणालाच सांगू शकलेली नाही. तासगाव रोडला बेदाणा ठेवायचं कोल्ड स्टोअरेज आहे. आयटीआय झाल्यावर शिवलीला तिथं इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस म्हणून लागली. मिस्त्री तिथले जुने, चाळीस वर्षं वायरींत हात घातलेला माणूस. पूर्वी ते मोटारीला हात लावण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. फ्यूज खिशात, म्हणजे कुणी कितीही मेन ओढला तरी करंट येणार कुठनं? पण नवं पॅनल आलं आणि त्यात काढायला फ्यूजच राहिले नाहीत. प्रत्येक मोटारीच्या मेनच्या हँडलला लावायची कुलपं मागवलीत, येतील, असं मालक दर आठवड्याला म्हणायचे. तोवर मिस्त्रींनी आपली रीत काढली. हँडल खाली करायचं, म्हणजे मेन बंद, आणि त्यावर डोक्यावरची पांढरी जाळीची टोपी अडकवायची. हँडलवर टोपी दिसली की मिस्त्री वर आहेत, कुणी हात लावायचा नाही. ऑपरेटर भूपालपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

त्या दिवशीही शिवलीलाच्या देखत मिस्त्रींनी टोपी अडकवली होती, पण ती पाना न्यायला पॅनल रूममध्ये आली तेव्हा टोपी खाली पडलेली होती. कंप्रेसरच्या धक्क्यानं सुटली असेल. तेलकट फरशीवर पडली होती. आणि ही टोपी घालून मिस्त्री नमाज पढतात. वडीलधाऱ्या माणसाची टोपी पायदळी पडलेली बघून कुठली पोर तशीच पुढं जाईल? तिनं ती उचलली, झटकली, फुंकर मारली, आणि स्वच्छ जागा म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला लावली. हँडलला लावायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. टोपी खराब होऊ नये, एवढंच आलं. पाना घेऊन ती जिन्याच्या अर्ध्यात पोचली असेल तेवढ्यात भूपाल आत आला. त्यानं हँडल बघितलं, टोपी नाही, आणि मेन वर केला.

आता स्वप्नातही पॅनल रूम आहे. टोपी हँडलला आहे. शिवलीलाच्या जिवात जीव येतो. ती जवळ जाते तशी टोपी घसरते. ती पटकन झेलते, परत अडकवते. टोपी परत घसरते. ती दोन्ही हातांनी टोपी हँडलवर दाबून धरते आणि तशीच उभी राहते. आता काय व्हायचं ते होऊ दे, तीन वाजेपर्यंत, चार वाजेपर्यंत, ती इथून हलणार नाही.

भूपाल येतो. वाईट माणूस नाही हो तो. घटनेपासून अन्न गोड लागत नाही त्याला. तो तिच्याकडं बघतो, तिच्या हातांकडं बघतो.

"टोपी न्हाई," तो म्हणतो.

"भूपालदा, ही काय, माझ्या हातात आहे."

"न्हाई की गं. कुठाय?"

ती खाली बघते तर तिच्या हातात चौदा नंबरचा पाना आहे. नुसता पाना. टोपी कॅलेंडरच्या खिळ्याला लटकतेय, स्वच्छ, आणि भूपालचा हात हँडलकडं चाललाय. तिला त्याचं मनगट धरायचं आहे पण मध्ये जिन्याच्या पायऱ्या आल्यात, आणि ती चढतेच आहे, चढतेच आहे. पाय उचलतो, पडतो, पण पायरी तीच.

पायरी संपते तिथं मुलाण्यांचं, म्हणजे मिस्त्रींचं घर. चपला बाहेर काढायच्या असतात म्हणून ती काढते. आत सतरंजी अंथरलीय. बायका भिंतीला टेकून बसल्यात आणि हलिमाचाची, मिस्त्रींची बायको, मधोमध बसलीय. हे तर झालेलं आहे. तिसऱ्या दिवशी ती आईबरोबर इथं येऊन गेलीय, आणि चाचीनं तिचा हात धरून विचारलंय. तीच चाची परत हात धरते.

"चाळीस वर्सं कधी इसरले न्हाईत. मग त्याच दिवशी टोपी अडकवायला कसं गं इसरले? तू तर संगं हुतीस."

सांग, शिवलीला स्वतःला म्हणते. निदान इथं तरी सांग, इथं काय जातंय तुझं.

"मला माहीत नाही चाची," तिचं तोंड म्हणतं. प्रत्यक्षात म्हणालं होतं तसंच, त्याच आवाजात.

चाचीच्या शेजारी मिस्त्री बसलेत. बशीत चहा ओतून फुंकतायत. डोकं उघडं आहे. त्यांना उघड्या डोक्यानं बसलेलं तिनं कधी बघितलेलं नाही. केस किती विरळ आहेत त्यांचे.

"मिस्त्री, तुम्ही इथं आहात?"

"मग कुठं जाऊ? पान्याची वाट बघून बघून खाली आलो." ते बशी खाली ठेवतात. "मी इसरलो म्हणं, शिवले."

ती खाली ठेवलेल्या बशीकडं बघते.

"समदी म्हणत्यात. भूपाल म्हणतोय. मालक म्हणतोय, वय झालं हुतं म्हाताऱ्याचं. मशिदीतबी तेच बोलत हुते. पयल्यांदा मला राग आला. म्हटलं, मी आन् टोपी इसरीन? पर आता इतकी माणसं म्हणत्यात म्हंजे..." ते उघड्या डोक्यावरून हात फिरवतात. "इसरलोच असंन. मलाबी आता नीट आठवंना झालंय."

हे तिला सहन होत नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, इन्स्पेक्टरनं काय लिहायचं ते लिहू दे, पण खुद्द मिस्त्रींनी मान खाली घालून असं म्हणावं?

"तू बघितली हुतीस का गं?" ते विचारतात. अगदी साधेपणानं, सकाळी टेस्टर पिशवीत घेतलास का विचारायचे तसं. "मी अडकवली हुती का न्हाई?"

ती तोंड उघडते. तोंडात बेदाणे आहेत. गच्च भरलेत, गोड, चिकट, दातांना, टाळ्याला, जिभेला चिकटलेत. ती ओंजळीत थुंकते, परत तोंड भरतं. सतरंजी गेलीय, बायका गेल्यात. चारी बाजूंना बेदाण्याची खोकी छतापर्यंत रचलीत आणि इतकी थंडी आहे की मिस्त्रींच्या तोंडातून वाफ निघतेय. बिनटोपीचे कुडकुडतायत ते. आपल्या अंगावर ओढणी आहे, ती तरी द्यावी म्हणून ती ओढू बघते, पण दोन्ही हात बेदाण्यांनी भरलेले.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणतात. "बोलता येत नसंल तर ऱ्हाऊ दे. वही काढ."

वही म्हणजे तिची अप्रेंटिसची दैनंदिनी. रोज संध्याकाळी तिनं दिवसभराचं काम लिहायचं आणि मिस्त्रींनी खाली सही करायची. एक ओळ जरी खोटी दिसली तरी ते सही करायचे नाहीत. केलं नसंल तर केलं न्हाई असं लिही, त्यात काय लाज, म्हणायचे. त्या दिवसाचं पान कोरंच राहिलंय.

खोक्यावर वही उघडलेली आहे. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून देतात, तिच्या हातात येते तेव्हा ते पेन असतं.

"लिही. कंडेन्सर पंख्याची मोटार. आवाज येत हुता म्हणून उघडली. लिहिलंस?"

ती लिहिते. बोटं बधिर झालीत.

"मेन बंद केला."

लिहिते.

"म्होरं?"

ती थांबते. मिस्त्रीही थांबतात. ते घाई करत नाहीत, कधीच करायचे नाहीत, ती चुकीची वायर धरायची तरी आधी नुसतं बघत राहायचे. त्यांच्या भुवयांवर बर्फ धरत चाललाय.

"म्होरं मला ठावं न्हाई गं पोरी," ते म्हणतात. "म्होरचं तुलाच ठावं."

ती लिहायला लागते. काय लिहितेय ते दिसत नाही, डोळ्यांत पाणी आलंय आणि पाणी गार पडतंय. तिला वाटतं, लिहून झालं की वही त्यांच्यापुढे धरायची, त्यांनी वाचायचं, मग बाकी काही का होईना. ती वही उचलून वळते. खोकी आहेत. नुसती खोकी. ती दोन रांगांमधून धावते, मिस्त्री, मिस्त्री म्हणत, आणि लांब कुठंतरी मेन वर केल्याचा खट्ट आवाज होतो.

आईनं कडी सोडलीय दाराची.

शिवलीला उठून बसलेली आहे. पंखा फिरतोय. उशाची पिशवी उघडी पडलीय, त्यातली वही मांडीवर आहे आणि उजव्या हातात पेन इतकं घट्ट धरलंय की बोटं सोडवायला दुसरा हात लावावा लागतो. पाच दिवस कोऱ्या राहिलेल्या पानावर अक्षर आहे. वाकडंतिकडं, ओळ सोडून गेलेलं, पण तिचंच.

*कंडेन्सर पंख्याची मोटार. आवाज येत होता म्हणून उघडली. मेन बंद केला. मिस्त्रींनी टोपी हँडलला अडकवली होती. मी बघितली होती. नंतर खाली पडली ती मी उचलून खिळ्याला लावली. मिस्त्री विसरले नाहीत.*

पेन असं दाबून चालवलंय की 'नाहीत' पाशी कागद फाटलाय.

"शिवले, फोन आला गं," आई दारातून म्हणते. "साहेब लवकर आलेत. तोंड धू. मालकांनी सांगितलंय तेवढंच बोल, हँडलला टोपी नव्हती म्हणायचं आणि गप्प बसायचं. खोटंबी नाही ते. शिकाऊपणाचे चार महिने उरलेत तुझे." मग तिचं लक्ष वहीकडं जातं. "काय लिहीत बसलीस?"

शिवलीला बोलायला जाते. जीभ अजून टाळ्याला चिकटल्यासारखी वाटते. ती नुसती वही पुढं करते.

आई ओले हात पदराला पुसते आणि वही घेते. तिला वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचते. एकदा वाचून होतं. ती परत पहिल्या ओळीपासून वाचते. मग तिथंच उंबऱ्यावर बसते.

"हे साहेबाला दाखवलंस तर इलेक्ट्रिशियन व्हायचं विसर," ती म्हणते. आवाज चढलेला नाही.

"हो."

"मग?"

"आधी चाचीकडं जाऊन येते," शिवलीला म्हणते. बसल्या जागेवरूनच ती आईपुढं हात करते, वही परत द्यावी म्हणून.

आई वही देत नाही. फाडतही नाही. उराशी धरून बसून राहते, आणि बाहेर कुणीतरी मोटारसायकल उभी करून हॉर्न वाजवतंय, शिवलीलाला घेऊन जायला.