सवतीच्या नावाची हाक

"मेलेल्यांची मतं बंद करा!" ही ओळ माझी. ठळक अक्षरात, खाली जाड रेघ. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या संघटनेच्या खोलीत सायक्लोस्टाइलवर आम्ही ती ढिगानं काढली होती. मतदार यादीतली मेलेली माणसं म्हणजे तेव्हा माझ्या लेखी निव्वळ एक लबाडी होती. त्यातल्या एखादीला कुणी अजून रोज घास काढून ठेवत असेल, हे डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

भिवापूरच्या पलीकडचं गाव. सत्तरच्या दशकातली वर्षं, ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. संघटनेनं मला पाठवलं, कारण चुलीपर्यंत पोरीच पोचू शकतात. यादी करणारा माणूस अंगणातूनच "घरात बाया किती?" विचारायचा आणि कानावर पडेल ते लिहायचा. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून कितीतरी जणी यादीत आल्याच नव्हत्या. त्याचा कोणाला राग नव्हता. मला होता.

मी सातऱ्यावर जाऊन बसायची. मिरचीची देठं खुडायची जागा, तिला तिकडे सातरा म्हणतात. ठसक्यानं सगळ्यांचे डोळे लाल, माझे जास्त. तिथं एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरी सांगायची.

"इच्या मालकाचं नाव मी सांगतो, लिही."

"तुले बरं पाठ हाये वं माह्या मालकाचं!"

मग हशा आणि खोकला एकदमच.

तिथंच ती भेटली, माझ्याच वयाची. गळ्यात मंगळसूत्र, आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा लहानसा टाक. त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मी विचारलं, कोणता देव?

"देव नाही. माही सवत हाये."

पहिली बायको विहिरीत गेली होती. पाय घसरला, असं घरचे म्हणत. गाव काहीच म्हणत नसे, आणि त्या न म्हणण्याचीच मला चीड होती. दुसरेपणावर दिलेल्या पोरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, बांगडी आधी टाकाला, घास आधी तिचा. आणि तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. हाक मारली की ती येते.

मी अंधश्रद्धेवर एक भाषण दिलं, पत्रकातलंच. तिनं देठं खुडत ऐकून घेतलं.

"ते सोड वं ताई. माहं नाव लिहून राहिली ना? नीट लिही. घरात मले सारे 'दुसरी' म्हणतेत. एकदा तरी कोणी माह्या नावानं बोलवलं पाहिजे."

अर्ज मी स्वतः उमरेडच्या तहसीलात दिला. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. सवतीचं होतं. मी परत उमरेडला गेले. कारकून म्हणाला, मुदत संपली, आणि मेलेलीचं नाव काढायचं तर घरच्यांची सही आणा. मी टेबलावर हात आपटला. फक्त चहावाल्यानं वळून पाहिलं.

घरचे सही कशाला देतील? तिचा चुलत सासराच निवडणुकीला उभा होता. अंगणात खाटेवर बसून त्यानं मला समजावलं, "मांगच्या टायमालेही पहिलीचं मत पडलं होतं. आता तिच्या नावानं हे दुसरी टाकीन. घर एक, चूल एक, काय फरक पडते?"

"ती मेलीय."

"मेली आमच्या घरची. तुह्या काहून पोटात दुखते?"

ती दाराआड उभी होती. मी निघाले तशी मागून येऊन हळूच म्हणाली, "मतं टाकतेत तिथं नाव जोऱ्यानं घेतेत का वं?"

"हो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचतात."

तिनं टाक मुठीत धरला.

मतदान शाळेत होतं. मी संघटनेनं उभ्या केलेल्या उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून आत बसले होते. खोटा मतदार आला की हरकत घ्यायची, हे माझं काम. पण हरकत घेतली तर पोलीस सासऱ्याला नेणार नव्हते, तिला नेणार होते. पत्रकात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

सासऱ्यानं तिला दारापर्यंत आणून सोडलं. टेबलावर यादी घेऊन बसलेला कारकून नागपूरचा, त्याला काय माहीत? त्यानं चिठ्ठी घेतली आणि ते नाव खणखणीत वाचलं.

विहिरीनंतर त्या गावात ते नाव कोणी तोंडातून काढलं नव्हतं. रांगेतली कुजबुज थांबली, बांगड्या थांबल्या. कारकुनानं मान वर न करता पुन्हा वाचलं.

"हो म्हण ना वं!" सासरा दारातून गुरकावला.

मी अर्धी उठले होते. तेवढ्यात तिनं टाक मुठीतून सोडला.

"ते मेली, साहेब. विहिरीत. मी तिची सवत."

"मग तुझं नाव?"

तिनं आपलं नाव सांगितलं, आणि नवऱ्याचंही, स्वतःच्या तोंडानं. कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं. "नाही. पुढची."

ती बाहेर गेली. पण पुढची आलीच नाही. दोन हाका गेल्या होत्या आणि 'हो' कोणी म्हटलं नव्हतं. हाक मारलेली बाई आत येऊन ताटकळत उभी आहे, तिथं पाय कोण टाकणार? एकीनं डोक्यावर पदर ओढला आणि घरची वाट धरली. मग दुसरीनं. ज्यांची नावं मी ठसक्यात बसून लिहिली होती, त्याच त्या. मी बाहेर धावले आणि ओरडले, हा तुमचा हक्क आहे म्हणून.

एक म्हातारी थांबली. "हक्क हाये पोरी. पण आत ते उभी हाये."

मी मागं वळून पाहिलं. टेबल आणि खिडकी यांच्यामधली जागा रिकामी होती. तिथून जायला मलाही नको वाटलं.

बराच वेळ शाळेत फक्त पुरुष येत राहिले. मग ती परत आली. हातात पळसाचं पान, त्यावर भात, खणाचा तुकडा, हिरव्या बांगड्या. ते तिनं शाळेच्या उंबरठ्यावर ठेवलं आणि सवतीचं नाव घेतलं, हळू, शेजारणीला बोलवावं तसं.

"घे बाई तुहा वाटा. अन् जाय आता. या बायांले येऊ दे."

मग म्हातारीकडे वळली, "चला वं, झालं तिचं."

बायका आल्या. एकेक जण पान ओलांडून नाही, पानाला वळसा घालून आत गेली. शिपाई पान उचलायला वाकला, तर अधिकाऱ्यानंच त्याला थांबवलं. दिवस मावळेपर्यंत बायकांची मतं पडली. ती निंबाखाली उभी राहून पाहत होती. शाई नसलेलं बोट तेवढं तिचंच.

सासरा तरीही निवडून आला. त्याबद्दल मी खूप लिहिलंय, इथं नाही.

पुढच्या यादीत तिचं नाव आलं. ती प्रत घेऊन मी सातऱ्यावर गेले. सवतीचं नाव कोणी काढलेलं नव्हतं. दोघी एकीखाली एक, सवत वर.

"माहं कोणतं?"

मी बोट ठेवलं.

"वाच. जोऱ्यानं."

मी वाचलं, पूर्ण, कारकुनासारखं. सगळ्या बायकांनी हात थांबवले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हो."

वाचायची लय लागली होती. माझी नजर वरच्या ओळीवर गेली, तोंड उघडलं, आणि तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. देठं खुडून तिखटानं भरलेला हात. भिवापूरच्या स्टँडवर गाडी येईपर्यंत माझे ओठ जळत होते.