फार लवकर आलेला दाखला

अंदाज बांधण्याचा इतका कट्टर शत्रू जगात दुसरा झाला नसेल. कोलशेतच्या आमच्या ऑफिसात माझ्या हाताखाली काम करणारे हे डोंबिवलीचे गृहस्थ. घरी गेल्यावर बायकोने पाणी पुढे केलं तरी विचारत, "मी मागितलं का?" गेटबाहेरचा चहावाला तर त्यांना येताना पाहूनच आलं किसायला घ्यायचा. "काका, नेहमीचाच ना?" "मी अजून तोंड उघडलेलं नाही!" तो बिचारा आलं बाजूला सारायचा. "आता सारून काय उपयोग? किसणीला आलं लागलंय. माझ्या मनात काय होतं ते रस्त्यावरचा कोणीही सांगेल!" एवढं झाल्यावर शांतपणे आल्याचाच चहा मागायचे.

हे नुसतं वेड नव्हतं, त्यांचं कामच ते होतं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर त्या चहावाल्याइतकाच उतावळा. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला की टाकून देतो. पण खूण उरते. एकदा काढून ठेवलेली गोष्ट पुन्हा मागितली की पटकन मिळते, आणि त्या पटकन मिळण्यावरूनच चोर गुपित ओळखतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, सगळ्यांची गुपितं असतात. तिथे हे गृहस्थ जागोजागी अडसर घालायचे. आधी खात्री, मगच पुढचं पाऊल. त्याने मशीन मंदावायचं, गिऱ्हाइकं माझ्यावर ओरडायची आणि मी यांच्यावर. "साहेब, हळू चालू दे. घर उघडं नको," एवढंच त्यांचं उत्तर.

आता माझं पाप सांगतो. वरचे साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले, "या माणसाचं काहीतरी बघायला हवं." ठरलं काहीच नव्हतं. पण मी एचआरच्या बाईंकडून यांना नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र आणि सेवेचा दाखला तयार करून घेतला. आठवड्याभरात विषय बारगळला. मी दोन्ही कागद फाडले आणि निवांत झोपलो.

मला विसर पडला होता की गुपितं कुठून फुटतात ते बघायला हे गृहस्थ वर्षातून एकदा ऑफिसचीही तपासणी करत. त्यांनी दोन सहकाऱ्यांना सोबत घेऊन एकाच दिवशी सेवेचा दाखला मागितला. मग माझ्यासमोर येऊन बसले. "साहेब, त्या दोघांचे दाखले चौथ्या दिवशी आले. माझा चहा निवायच्या आत आला."

"बाई हल्ली चपळ झाल्यात," मी म्हणालो.

"त्या? काल स्टेपलर शोधायला त्यांना दुपार लागली. माझा दाखला कोणीतरी आधीच काढून ठेवला होता. कागद फाडलेत ना? पण बाईंच्या कॉम्प्युटरवर फाईल राहिली."

चेहऱ्यावर राग नव्हता. मोजमाप अचूक निघाल्याचा आनंद होता, आणि तोच मला सहन होईना.

महिन्याभरात त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. बाई जुनीच फाईल उघडायला लागल्या तर म्हणाले, "ती पुसा. नव्याने टाइप करा, मी थांबतो." आणि खरंच चार दिवस माझ्या केबिनसमोर, मांडीवर बॅग घेऊन थांबले. 'माझं चुकलं' म्हणायला मला चार दिवस मिळाले होते. मी फायली चाळत राहिलो. चौथ्या दिवशी पत्र हातात घेऊन ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता बरोबर वेळ लागला." आणि गेले.

आजही चार वाजता मी त्या टपरीवर जातो. चहावाला सवयीने दोन ग्लास भरतो, मग आठवण होऊन एक किटलीत परत ओततो. त्याचं लक्ष नसताना मी त्या रिकाम्या ग्लासाला हात लावून बघतो. गरम असतो.