पुस्तक मागितलं, शाल मिळाली

आमच्या कपाटात शालींचा गठ्ठा आहे. मुंबईत शाल लागते कधी? चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत थंडीतसुद्धा पंखा बंद करायचा म्हटलं की भांडण होतं. पण मी जन्मापासून आंधळी आणि वर शिकणारी, त्यामुळे शाळेपासून आजवर जो उठला त्याने मला शाल पांघरली. एक शाल आईने मिक्सरवर टाकलीय, एक शिलाई मशीनवर. बाकीच्या पडून आहेत. मी ‘आंधळी’ म्हटलं की लोक कसंनुसं हसतात आणि ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवतात. शब्द बदलायला यांच्याकडे वेळ असतो, एवढं मात्र खरं.

दादरच्या कॉलेजात मी टीवायबीएला होते, राज्यशास्त्र घेऊन. शेवटची सेमिस्टर. पुढे एमए करायचं होतं. एका पेपरात जरी नापास झाले असते तरी वर्ष गेलं असतं, आणि आमच्याकडे वर्ष गेलं की काका-आत्या ‘बस झालं आता शिक्षण’ म्हणायला मोकळे. पाच विषयांची सोय झाली होती, अडलं होतं ते लोकप्रशासनाच्या पुस्तकावर. टाइप केलेला मजकूर असला की माझा फोन तो मोठ्याने वाचतो. पानाचा फोटो असला तर तो नुसतं ‘चित्र’ म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो.

गंमत म्हणजे ते पुस्तक आमच्याच विभागातल्या सरांनी लिहिलेलं. टाइप केलेली फाइल त्यांच्या लॅपटॉपवर. दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर मी त्यांच्याकडे गेले. सर प्रेमाने बोलले, चहा मागवला आणि म्हणाले, कॉलेजच्या दिव्यांग केंद्रामार्फत या, म्हणजे सगळं रीतसर होईल. केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, सर सिनियर आहेत, त्यांच्याकडे अशी फाइल कशी मागायची, बरं दिसत नाही. आपण आपली सोय करू.

ती सोय संक्रांत उलटल्यावर माझ्या फोनवर आली. कुणीतरी लायब्ररीतलं पुस्तक उघडून पानापानाचे फोटो काढले होते. आंधळ्या मुलीला वाचायला फोटो. फोटोतून अक्षरं काढणारी अ‍ॅपही लावून पाहिली. पानं वाकडी, कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि हाती आला तो नुसता अक्षरांचा भुगा. मी पुन्हा केंद्रात गेले. मॅडमनी फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडली, नीट बघितली आणि मला म्हणाल्या, “अगं, एवढं स्वच्छ तर दिसतंय.”

मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. सरांच्या फाइलचंही परत सांगितलं. त्यांनी ‘हो हो, बघते’ म्हटलं. पण तेव्हा केंद्र कामात होतं. दिव्यांग विद्यार्थ्यांचा सत्कार ठरला होता. बॅनर छापायचा होता, पाहुण्यांना आणायला गाडी पाठवायची होती.

मग पुस्तक आईने वाचायला घेतलं. माझी आई परळला एका शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करते. संध्याकाळी घरी आली की तिच्या डोळ्यांतून पाणी येत असतं. भाकऱ्या झाल्या की ती चष्मा लावून बसायची. ‘विकेंद्रीकरण’ आणि ‘प्रत्यायोजन’ हे शब्द तिने आयुष्यात कधी ऐकले नव्हते. अडखळायची, परत मागे जायची. बस कर म्हटलं तर म्हणायची, “मी वाचतंय, तू आयक.” मी ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. विद्यापीठाच्या सोयी-सवलतींच्या परिपत्रकात आईचे डोळे कुठे लिहिलेत, ते मला कुणीतरी दाखवावं.

सत्काराच्या दिवशी एका स्वयंसेवकाने न विचारता दंड धरला आणि मला स्टेजवर ओढत नेलं. शाल, श्रीफळ, गुच्छ. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सरांचं नावही माइकवरून आदराने घेतलं गेलं. पाहुणे म्हणाले, हिच्या डोळ्यांत नसला तरी अंतरंगात प्रकाश आहे. माझं अंतरंग त्या वेळी काय म्हणत होतं ते छापण्याजोगं नाही. मॅडमनी कानात सांगितलं, आभाराचे दोन शब्द बोल.

मी नारळ त्यांच्याच हातात दिला. फोन काढला, ती फाइल उघडली आणि फोन माइकला लावला.

“पान एक. चित्र. पान दोन. चित्र. पान तीन. चित्र.”

हॉलमध्ये कडकडून टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, मी तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक दाखवतेय. पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, काय प्रगती झालीय बघा. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले.

“हे लोकप्रशासनाचं पुस्तक आहे,” मी म्हटलं. “मला ते असं वाचायला दिलंय. परीक्षा तोंडावर आलीय. लेखक पहिल्या रांगेत बसलेत आणि खरी फाइल त्यांच्याकडे आहे. शाल परत घ्या आणि ती फाइल द्या.”

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल आली, सरांच्या लॅपटॉपवरून थेट. पाठोपाठ मॅडमचा फोन. त्या दुखावल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, एवढा तमाशा कशाला? आधी सांगितलं असतंस तर लगेच दिली असती.”

संध्याकाळी आई आली, हातपाय धुतले आणि सवयीने चष्मा लावून पुस्तकाकडे वळली. मी तिला थांबवलं आणि फोन सुरू केला. फोन ‘विकेंद्रीकरण’ न अडखळता म्हणाला, पुढचं वाक्य म्हणाला, अख्खा परिच्छेद वाचून गेला. आई ऐकत राहिली. मला वाटलं, तिला हायसं वाटेल.

तिने चष्मा काढला आणि विचारलं, “म्हणजे ह्यां येवढां सोप्पां होतां?”