रसायनशास्त्राच्या कव्हरातलं पुस्तक

नांदेडला आमच्या कॉलनीतले पालक मला अधूनमधून विचारतात, "मुलांचं जनरल नॉलेज वाढेल अशी कोणती पुस्तकं वाचायला द्यावीत हो?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. जनरल नॉलेज वाढावं म्हणून पुस्तकाच्या नादी लागलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी स्वतः त्या नादी लागले बारावीत, लातुरात, आणि तेही चोरून.

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. वडील औशाच्या शाळेत शिक्षक, आणि आई माझ्यासोबत लातुरात खोली करून राहिलेली. ती रीत तेव्हा नुकती रुळत होती. पोर क्लासला आणि आई पोरामागे स्वयंपाकाला. आमच्या लाइनीत सहा खोल्या होत्या आणि सहा आया. वडिलांचा दंडक एकच होता, बारावी होईपर्यंत अवांतर वाचन बंद. मी अर्थातच वाचनालयाची मेंबर झाले.

तिथे कादंबऱ्यांवर उड्या पडायच्या. मी मात्र सगळ्यात खालच्या फळीवरची, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नसलेली पुस्तकं काढायची. कुणीच न नेलेल्या पुस्तकाची मला दया यायची. त्यात मला समुद्राचे प्रवाह भेटले, मधमाश्या भेटल्या, वाळवंटात तंबू ठोकून राहणारी माणसं भेटली. क्लासमध्ये जग म्हणजे तीन विषय आणि मेडिकलची सीट. त्या फळीवर ते भलतंच मोठं निघालं आणि मी हरखून गेले. पुस्तक खोलीवर आणलं की त्याला खाकी कव्हर घालायचं आणि लेबलवर लिहायचं, 'रसायनशास्त्र, बारावी'.

एकदा पृथ्वीच्या पोटाविषयीचं पुस्तक हाती लागलं. जमीन का हलते ते चित्रांसकट दिलेलं. ते मी आईसाठी आणलं नव्हतं, हे कबूल करते.

खरं तर तिच्यासाठीच आणायला हवं होतं. भूकंपात माझी मावशी गेली, आईची धाकटी बहीण. आणि हे आपल्यामुळे झालं असं आईच्या मनाने घेतलं होतं. माझ्या दहावीच्या मार्कांसाठी ती तुळजापूरला ओटी भरायचा नवस बोलली होती. निकाल चांगला लागला, पण अॅडमिशन आणि खोली शोधण्याच्या गडबडीत ओटी राहून गेली आणि भूकंप झाला. नंतर ती जाऊन ओटी भरून आली, तरी मनातली बोच जाईना. माझ्याजवळ विषय काढला की मी वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "असं काही नसतं गं." वडील म्हणायचे, "जाऊ दे आता."

मी क्लासला गेले की आई खोलीत एकटीच. पोरगी काय शिकते ते बघावं म्हणून एका दुपारी तिने ते पुस्तक उघडलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचणारी. चार-पाच दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं रसायनशास्त्र लई चांगलं हाय गं. जमीन सारखी सरकत असती म्हणं, नखं वाढत्यात तेवढी. जपानात तर लई भूकंप हुत्यात."

ते रसायनशास्त्र नव्हेच, हे मी तिला सांगितलं नाही. वडिलांना कळेल ही भीती होतीच. शिवाय बोर्डाच्या पुस्तकात आहे म्हणून तिचा विश्वास बसला होता. वाचनालयातलं म्हटलं असतं तर तिच्या लेखी ते कुणीतरी लिहिलेलं, एवढंच उरलं असतं.

आईने मात्र बोभाटा केला. ओट्यावर शेंगा फोडताना तिने लाइनीतल्या सगळ्या आयांना तो धडा समजावून सांगितला. झालं, घबराट पसरली. शेजारच्या काकूंनी मुलाचं रसायनशास्त्र पानन् पान चाळलं, त्यात भूकंप कुठेच नाही. पोराचा पोर्शन सुटला म्हणून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. रविवारी वडील ज्वारीचं पीठ घेऊन आले, तर काकू दारात हजर.

"सर, तुमच्या पोरीच्या पुस्तकातला भूकंपाचा धडा तेवढा झेरॉक्सला द्या. आमच्या पोराला कुणी शिकवलाच न्हाई."

वडिलांनी पुस्तक मागून घेतलं आणि उघडलं. पहिल्याच पानावर वाचनालयाचा शिक्का, आईने कॉलेजचा समजलेला. मी सगळं सांगून टाकलं. पोराचा पोर्शन सुटलेला नाही हे कळल्यावर काकू सुटल्यासारख्या निघून गेल्या. आईकडे बघायची माझी हिंमत होईना.

"म्हंजी हे बोर्डाचं न्हाई?" आईने विचारलं.

"नाही."

 ती वडिलांकडे वळली. "पण खरं हाय का हे? जमीन आपल्याआपण सरकती?"

"खरं आहे," वडील म्हणाले. "आठवीला आहे हा धडा. दरवर्षी शिकवतो मी."

"म्हंजी माझ्या नवसाचं त्यात काय न्हाई?"

"काहीच नाही."

"दरवर्षी पोरांना सांगता," आई म्हणाली, "मग मला वर्षभर का न्हाई सांगितलं?"

वडील हातातल्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. तो प्रश्न मलाही लागू होता. मी तर ते पुस्तक तिच्या शेजारी बसून वाचलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

मला वाटलं होतं तेवढं वडील रागावले नाहीत. पुढच्या रविवारपासून ते शाळेच्या कपाटातलं एकेक पुस्तक आणू लागले, पण आईसाठी. माझी बंदी कायम राहिली. मग आई दुपारी वाचायची आणि संध्याकाळी लहान पोराला गोष्ट सांगावी तशी रंगवून मला ज्वालामुखी नि देवमासे सांगायची. बारावीचं वर्ष लोक शिक्षा म्हणून आठवतात, माझं मजेत गेलं.

दिवाळीच्या आधी एकदा देवमाशाबद्दल सांगता सांगता आई मावशीच्या आठवणींवर आली. लहानपणी मावशी विहिरीत डोकावून आत मासा आहे म्हणून सगळ्यांना कशी फसवायची, ते सांगताना तिला हसू आवरेना. भूकंपानंतर मावशीचं नाव घेऊन आई हसली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.